फायबरची फळी, १४ महिन्यांनंतर : मोडली नाही, पोट सुटलं

आम्ही रत्नागिरीचे, खाऱ्या हवेत लोखंडी मांडणी तीन पावसाळ्यांत पापुद्रे सुटून संपली, म्हणून बोटी बनवणाऱ्या एका कारखान्यातून कुंड्यांसाठी फायबरच्या दोन फळ्या करून घेतल्या. ३ फूट लांब, दीड फूट रुंद, १२ मिमी जाड, मॅट (काचेच्या धाग्यांची चादर) आणि रेझिन (वाळून घट्ट होणारा चिकट द्रव) हाताने थापून केलेल्या, दोन्ही टोकांना विटांचा टेकू. गंज शून्य, जेलकोट म्हणजे वरचा गुळगुळीत थर अजून चकचकीत, इथपर्यंत पैसे वसूल.

पण बाक! एका फळीवर साधारण ४० किलो कुंड्या ठेवल्या त्या दिवशीच दोरी ताणून मधोमध पट्टी लावली तर ८ मिमी, महिन्याभराने १०, आणि एप्रिल-मेच्या उन्हात थेट १३. पावसात मधल्या खोलगटीत पाणी साचून डास झाले तेव्हा आई म्हणाली, तुझ्या फळीला पोट सुटलंय बघ. नंतर वेग मंदावला, आता १४ वर आहे.

वजन तेवढंच, मग बाक वाढतो कसा? काचेचे धागे जागचे हलत नाहीत हो, त्यांना धरून ठेवणारं रेझिन सतत भाराखाली हळूहळू सरकतं आणि तापलं की जास्तच, याला क्रीप म्हणतात. त्यात मॅटमधले धागे तुकड्यांचे आणि वाट्टेल त्या दिशेने पडलेले, त्यामुळे भार एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जातो तो रेझिनमधूनच. लांबीच्या दिशेने अखंड रोव्हिंग, म्हणजे न तोडलेल्या लांब धाग्यांचे जुडगे, असतं तर एवढं झालं नसतं.

गेल्या आठवड्यात कुंड्या उतरवून बघितलं, लगेच ६ वर आली, तीन दिवसांत ३ वर, पुढे ढिम्म.

मोडायची भीती मला नाही. काँक्रीटला फायबरची पट्टी चिकटवून मजबुती देतात त्यासाठीच्या एसीआय ४४० या अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शिकेत पट्टीवरचा कायमचा ताण काचेच्या धाग्यांना ताकदीच्या २०% आणि कार्बनच्या धाग्यांना ५५% च्या आत ठेवायला सांगितलंय, माझ्या कुंड्या त्याच्या आसपासही नाहीत.

कारागिराला दाखवलं तर तो म्हणे बोटीत आम्ही खालून रीब (आधाराचा उभा कणा) टाकतोच. अरे मग फळीला का नाही टाकलीस! दुसऱ्या फळीला डिसेंबरात रीब मारून घेतली, तेवढ्याच कुंड्या, दोन महिने झाले, दोरी आणि फळीत २ मिमी. पहिली उद्या कारखान्यात जातेय, तोवर जास्वंद जमिनीवर.