लॉनवरचा फंक-सोल: बँड जोरात, सोफे आडवे

तालुक्याच्या गावाबाहेर, एरवी जिथं लग्नं लागतात त्या लॉनवर, फंक आणि सोल या अमेरिकी संगीतप्रकारांचा लाइव्ह कार्यक्रम झाला. वर्धा जिल्ह्याच्या आतल्या भागात असा बँड काही रोज येत नाही. मुंबईचा नऊ जणांचा संच होता: ड्रम, बेस गिटार, गिटार, कीबोर्ड, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन आणि दोन गायक. उभ्याचं तिकीट २०० रुपये, सोफ्याचं ५००. बँडला पाचपैकी साडेचार, आयोजनाला दोन. आणि पाचशेवाल्यांपेक्षा दोनशेवाल्यांचे पैसे जास्त वसूल झाले, हे आधीच सांगितलेलं बरं.

हे संगीत कधीच ऐकलं नसेल तरी बिचकायचं कारण नाही. भजनाचा कान असला की अर्धं काम झालं. सोल निघालं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून. तिथं उपदेशक एक ओळ टाकतो आणि समोरची मंडळी ती झेलतात. आपल्याकडं खंजिरी भजनात बुवा पद सोडतात आणि मागचे उचलतात, तोच प्रकार. गायक रे चार्ल्सनं १९५० च्या दशकात चर्चमधला तो सूर प्रेमाच्या गाण्यांत आणला. १९५९ मध्ये डेट्रॉइटला मोटाउन ही सोलच्या रेकॉर्ड काढणारी कंपनी सुरू झाली. सोल गायिका अरेथा फ्रँकलिन तर उपदेशकाचीच मुलगी. फंक त्यानंतरचं. १९६० च्या दशकाच्या मध्यात गायक जेम्स ब्राउननं आपल्या बँडला एकच शिस्त लावली: मधल्या जागेत ज्याला जे वाजवायचं ते वाजवा, पण पहिल्या मात्रेवर सगळे एकत्र पडा. समेवर यायचं म्हणजे काय, हे खंजिरीवाल्याला शिकवावं लागत नाही. जेम्स ब्राउन मात्र चुकणाऱ्या वादकाला पैशांचा दंड करायचा.

घोळ होतो तो टाळीचा. केरव्याच्या आठ मात्रांत आपली टाळी समेवर पडते आणि पाचवीवर खाली. इथं उलटं आहे. मनात आठ मोजा. एकवर पायानं वाजणारा मोठा ड्रम येतो, तीन आणि सातवर स्नेअर, म्हणजे काडीनं वाजवायचा छोटा ड्रम, कडकन वाजतो. टाळी त्या तीन आणि सातवर द्यायची. सोपा उपाय म्हणजे एक आणि पाचवर पाय आपटायचा, म्हणजे हात आपोआप मधे पडतात. पहिल्या गाण्याला अख्ख्या लॉननं एक आणि पाचवर टाळ्या सुरू केल्या आणि गाणं जडशीळ झालं. त्यात मागच्यांची टाळी तशीही उशिरा पोचते: तीस मीटरवरच्या माणसाला आवाज मिळतो साधारण ९० मिलिसेकंदांनी, त्याची टाळी स्टेजवर परत जाते आणखी ९० नं. म्हणजे मागं उभं राहून जोरात टाळ्या पिटणं ही मदत नव्हे, अडथळा. गायिकेनं दुसऱ्या गाण्याला हात डोक्यावर नेऊन टाळी दाखवली, तेव्हा उभ्यांतले पुढचे पोट्टे एका कडव्यात बरोबर आले. सोफ्यावरची मंडळी शेवटपर्यंत समेवरच.

नजर गायकांवर जाते, पण नव्या माणसानं दोन-तीन गाणी ड्रमवाल्याचा डावा हात बघावा. कडकन वाजणाऱ्या दोन फटक्यांच्या मधे ती काडी स्नेअरवर जेमतेम बोटभर उचलून टिपटिपत असते. ते ठोके वेगळे ऐकू येत नाहीत. बंद झाले की मात्र गाणं एकदम रिकामं वाटतं. मग बेसवाल्याचा अंगठा. तारेवर अंगठा आपटायचा आणि दुसरी तार बोटानं ओढून सोडायची, ही तऱ्हा अमेरिकी बेसवादक लॅरी ग्रॅहमची. आईबरोबर वाजवताना त्यांच्याकडं ड्रमवाला नव्हता, म्हणून त्यानं ड्रमचे दोन्ही आवाज बेसवरच काढले. या संचातल्या बेसवाल्यानं ती तऱ्हा फक्त दोन गाण्यांत वापरली, बाकी वेळ बोटांनी साधं, घट्ट वाजवलं. समजूतदार वादक.

आवाजाचं म्हणाल तर पहिली तीन गाणी वाया गेली. साऊंड होता नेहमीच्या लग्न-वरातीवाल्यांचा, आणि त्यांचा हात पहिल्यांदा बेसच्या बटणावरच जातो. पायाचा ड्रम इतका फुगवला की बेस गिटारचा सूर त्यात गाडला गेला. दोन्ही खालच्या सुरांच्या एकाच पट्ट्यात वाजतात, एकाला कापल्याशिवाय दुसरं मोकळं होत नाही. सॅक्सोफोनवाला बोटं हलवताना दिसत होता, एवढंच. बँडच्या माणसानं मिक्सर हातात घेतल्यावर चौथ्या गाण्यापासून चित्र पालटलं. संथ गाण्यात एक घूंऽऽ शेवटपर्यंत राहिली, कारण झाडांवरच्या लायटिंगची आणि साऊंडची लाईन एकाच जनरेटरवरून, एकाच फेजवर घेतलेली. अर्थिंग नीट नसलं की ही घरघर सगळ्यात आधी गिटारच्या अँप्लिफायरमध्ये शिरते.

उभं कुठं राहायचं? मिक्सरच्या टेबलाजवळ. साऊंडवाला जे ऐकून आवाज लावतो, तेच तुम्हाला मिळतं. बेस पोकळ वाटला तर चार पावलं डावी-उजवीकडं सरका. दोन बाजूंच्या स्पीकरचे आवाज काही ठिकाणी एकमेकांना खातात. लॉनच्या मागं टिनाचं शेड आहे, त्याच्यापुढं अजिबात थांबू नका. पंचवीस मीटरवरच्या टिनावर आपटलेला आवाज दीडशे मिलिसेकंदांनी परत येतो, आणि फंकच्या मध्यम चालीत आठांतल्या एका मात्रेच्या निम्म्या हिश्श्याला जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणजे प्रत्येक बारीक ठोका दोनदा ऐकू येतो आणि सगळी नक्षी पुसली जाते. याच कारणानं असले कार्यक्रम टिनाच्या सभागृहात घेऊच नयेत. मोकळं लॉन बरं.

थंडीचा एक मुद्दा आयोजकांच्या ध्यानात आलेला दिसला नाही. आपल्याकडं हिवाळ्यात रात्री हवा चांगलीच गार होते. गार हवेनं फुंकायच्या वाद्यांचा सूर उतरतो, आणि गार झालेल्या तारा आवळून गिटारचा सूर चढतो. दोघांच्या मधे कीबोर्ड, जो जागचा हलत नाही. ट्रॉम्बोनवाला नळी सरकवून सांभाळून घेतो; सॅक्सवाल्याला तोंडाजवळचा भाग आत ढकलावा लागतो. फुंकणारे तिघंही दोन गाण्यांच्या मधे वाद्यात आवाज न करता नुसती ऊब फुंकत होते, ते उगीच नव्हे. तरी अर्ध्या तासाच्या खंडानंतरचं पहिलं गाणं थोडं बेसूर गेलंच. स्टेजच्या मागून आणि बाजूनं कनात लावली असती तर वारा अडला असता.

तो खंड कशासाठी? सत्कारासाठी. शाल, श्रीफळ, मनोगतं. सातचा कार्यक्रम पावणेआठला लागला, त्यात मधले अर्धा तास गेले, आणि ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणं उघड्यावरचे लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद. सरकार वर्षातले काही ठरावीक दिवस बारापर्यंत सूट देतं, पण हा दिवस त्यातला नव्हता. फंकचं गाणं कापून चालत नाही. तीच आठ मात्रांची घडी आठ-दहा मिनिटं फिरते, एकेक वादक त्यात भर घालतो आणि मग ते अंगात येतं. शेवटचं गाणं असं चढत असतानाच आयोजक घड्याळ दाखवत स्टेजजवळ आले.

आता सोफे. पुढच्या चार रांगा पाहुण्यांच्या आणि पाचशेवाल्यांच्या. हे बसून ऐकायचं संगीतच नव्हे. त्यात पुढं कोणी नाचायला उठलं की मागून सुरू: “ओ भाऊ, बसा नं बाप्पा खाली, दिसून नाही राह्यलं!” गायक बिचारा सोफ्यांवरून पार मागं बघून हाका देत होता, कारण झेलणारे सगळे तिकडं. सोफे कडेला लावून मधली जागा मोकळी ठेवली असती तर खर्च एक रुपयाही वाढला नसता. म्हाताऱ्या माणसांसाठी कडेच्या खुर्च्या पुरेशा आहेत.

नवीन असाल तर फोमचे इअरप्लग खिशात ठेवाच. स्पीकरजवळ आवाज सहज १०० डेसिबलवर जातो, आणि तेवढ्या आवाजात कानांना सुरक्षित वेळ जेमतेम पंधरा मिनिटं धरतात. लेकरं आणली असतील तर त्यांना मिक्सरच्याही मागं ठेवा. दवानं लॉन ओलं होतं, चप्पल घसरते, बूट घाला. स्वेटर कमरेला बांधता येईल असा.

खाण्यात तर्री-पोहा चांगला, सांबारवडी गार. चहा दोनदा संपला.

परतीची सोय आधी करा. दहानंतर गावाकडं जाणारी एसटी मिळत नाही, आणि लॉनच्या बाहेर ऑटोवाले तोंडाला येईल तो भाव सांगतात. चार-पाच जणांत एक गाडी ठरवून न्या आणि ती गेटजवळ न लावता रस्त्याच्या तोंडाशी लावा. आतल्या गाड्या बाहेर निघायला कार्यक्रमाइतकाच वेळ लागला.