फॉलआउट ४ : आठ महिने खेळून झाल्यावर

गेम २०१५ चा. मी घेतला गेल्या जूनमध्ये, सेल लागला होता तेव्हा. बेळगावच्या खानापूर तालुक्यात पावसाळा म्हणजे चार महिने घरकोंबडा, तेव्हा खेळायला वेळच वेळ.

२०७७ मध्ये अणुबॉम्ब पडतात आणि आपला नायक शीतपेटीतून थेट २२८७ मध्ये बॉस्टनजवळ जागा होतो. मधली २१० वर्षं लक्षात ठेवा, माझी सगळी तक्रार त्यांच्याशी आहे.

विज्ञानाचं बघू. बॉम्बनंतरचा किरणोत्सर्ग वेळ सातपट झाला की साधारण दहापट उतरतो, म्हणजे दोन आठवड्यांत पहिल्या तासाच्या हजारावा हिस्सा. मागे रेंगाळणाऱ्या सीझियम-१३७ चं अर्धायुष्य तीस वर्षांचं. २१० वर्षांत ते सात वेळा निम्मं होऊन एक टक्क्याच्याही खाली येतं. तरी गेममधला 'ग्लोइंग सी', म्हणजे बॉम्ब पडलेला भाग, अजून जीवघेणा, आणि रानभर वाळकी खोडं उभी. १९८६ च्या स्फोटानंतर चेर्नोबिलभोवती जंगल परत दाटलं, लांडगेही फिरतात. पण हे मी माफ करतो. दोन तोंडांची गाय चालते, तर हेही चालू दे.

माफ न होणारी गोष्ट आजीने पकडली. मागे बसून बघत होती, म्हणाली, "दोनशे वर्सं झाली म्हणतोस, मग केर कुणी काढला न्हाई व्हय रे?" खरंच की! माणसं जिथे राहतात, धंदा करतात, तिथेही जमिनीवर २०७७ चाच कचरा. शिवाय गावोगावची लाकडी घरं अजून उभी. आमच्या गल्लीत एक घर बंद पडलं, माणसं गोव्याला गेली. पाच पावसाळ्यांत वासे खाली आले आणि भिंतीतून पिंपळ वर.

पैशाचंही तेच. १९९७ च्या पहिल्या फॉलआउटमध्ये बाटलीच्या टोपणांना किंमत होती, कारण पाण्याचे व्यापारी त्यावर पाणी द्यायची हमी घेत. ते पटतं. पण तो कॅलिफोर्नियातला हिशेब. बॉस्टनमध्ये हमी कोणाची? कुणी सांगत नाही, टोपणं मात्र चालतात.

जमलंय ते वस्ती उभारण्याचं काम. माणशी एक पाणी, एक अन्न, एक खाट. यातलं काही कमी पडलं की लोक कुरकुरतात. मका, टेटो आणि मटफ्रूट (ही दोन गेममधली काल्पनिक पिकं) आणि शुद्ध पाणी शिजवून डिंकाऐवजी वापरायची खळ करता येते. आमच्याकडे पतंगाला पिठाची खळच लागायची, त्यामुळे हे बघून फार बरं वाटलं.

'सर्व्हायव्हल' हा खेळायचा अवघड प्रकार जरा जपून घ्या. झोपल्याशिवाय किंवा गेममधून रीतसर बाहेर पडल्याशिवाय सेव्ह होत नाही, आणि आडव्या पावसात आमच्याकडे लाईट टिकत नाही. दोनदा तासा-दीड तासाची मेहनत पाण्यात गेली. आता वाटेत गादी दिसली की आधी आडवा होतो, मग पुढे.

सगळ्यात जास्त सलतं ते सँक्च्युअरीमधलं. ही आपली स्वतःची गल्ली. नवं घर बांधता येतं, तोफा बसवता येतात, पण जुन्या घराच्या छपराचं भोक मॉड (खेळणाऱ्यांनीच बनवलेली गेमची जोडणी) टाकल्याशिवाय बुजवता येत नाही. आमच्याकडे मृगाच्या आधी शाकारणी झाली नाही तर आजी जेवायला वाढत नाही. मी नेटवरून दुरुस्तीचा मॉड शोधला, टाकला आणि पहिल्यांदा छप्पर धड केलं. मुख्य कथा अजून अर्धीच आहे.