पीएफटी (फुंकून फुफ्फुसं तपासायची टेस्ट) सेंटरचा रिव्ह्यू: ग्राफ नीट बघितला म्हणून गाठ सापडली

ताईला दमा म्हणून पंप चालू होता. डोस वाढत गेला, मधेमधे स्टेरॉइडच्या गोळ्या, त्यांनी सूज उतरते म्हणून थोडे दिवस बरं वाटायचं आणि मग जिना चढताना परत तेच. छातीचा एक्स-रे नॉर्मल, त्यामुळे कुणाला दुसरी शंकाच आली नाही.

आधी एकीकडे ही टेस्ट झालेली, पण तिथे नुसतं बाहेर फुंकायला लावलेलं. इथल्या टेक्निशियन मॅडमनी श्वास आत ओढायलाही तितकाच जोर लावायला लावला, "ओढा ओढा, अजून ओढा" करत, ती दमली की बसवायच्या, पण ग्राफ सारखे येईपर्यंत सोडलं नाही, मग पंप देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा सगळं. काही फरक नाही. मशीनने रिपोर्टवर आपोआप ‘ऑब्स्ट्रक्शन’ (अडथळा) छापलं होतं, तेवढंच वाचलं असतं तर परत दमाच ठरला असता! पण डॉक्टरांनी ग्राफ बघितला. दम्यात फुंकरीची रेघ वर टोकाला जाऊन खाली येताना आत खचते, हिची वरची (फुंकरीची) आणि खालची (श्वास आत ओढण्याची) दोन्ही टोकं कापल्यासारखी सपाट होती. म्हणजे मोठ्या नळीतच कुठेतरी कायमचा अडथळा. लगेच स्टेथोस्कोप गळ्यावर लावला, शिट्टीसारखा आवाज छातीपेक्षा तिथे जास्त आणि श्वास आत घेतानाही.

मग मान आणि छातीचा सीटी, ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण घालून बघतात ती), बायोप्सी. श्वासनलिकेत गाठ, अडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा नावाचा कॅन्सर. ही हळूहळू वाढते, सिगारेट न ओढणाऱ्यांनाही होते, आणि नळी निम्म्याहून जास्त भरेपर्यंत फारसं जाणवतच नाही. तेवढा भाग कापून नळीची टोकं जोडली, ताई आता बोलता बोलता जिना चढते, मला अजून बघून भरून येतं.

अशा गाठी फार दुर्मिळ आहेत, त्यामुळे दमा असलेल्यांनी घाबरून पंप बंद करू नका प्लीज. पण पंप नीट घेऊनही काहीच फरक नसेल, श्वास घेताना गळ्यात आवाज येत असेल, थुंकीतून रक्त येत असेल किंवा एकाच बाजूला सारखा न्यूमोनिया होत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

सेंटरबद्दल तक्रार एवढीच की अपॉइंटमेंट असून खूप थांबावं लागतं आणि हातात फक्त आकड्यांचं पान देतात. ग्राफची प्रिंट मागून घ्या, आत-बाहेर दोन्ही श्वासांची, मागितली की लगेच देतात.