जुन्या पिकअपमधले व्हॅक्यूम गेज : १,८०० किलोमीटरनंतरचा अभिप्राय

कार्ब्युरेटरवर, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या भागावर चालणारी जुनी पिकअप पेट्रोल किती पिते, हे टाकी रिकामी होईपर्यंत कळत नाही आणि कळते तेव्हा ते पेट्रोल जळून गेलेले असते. चालू गाडीतच याचा अंदाज देईन, असे आश्वासन देणारे एक व्हॅक्यूम गेज, म्हणजे इंजिन हवा किती जोराने ओढते ते मोजणारे उपकरण, मी लांबच्या प्रवासापूर्वी बसवले. गाडी सहा सिलिंडरची, तीन गिअरची, ओव्हरड्राइव्ह, म्हणजे मोठ्या वेगाला इंजिन सावकाश फिरवणारा जादा गिअर, नसलेली. प्रवास जाऊन-येऊन १,८०० किलोमीटरचा आणि हौद्यात सुमारे २०० किलो सामान. गेजच्या खोक्यावर पेट्रोलच्या बचतीचा दावा ठळक अक्षरांत छापलेला आहे. बचत झाली खरी, पण ती ज्या मार्गाने झाली त्याचा त्या खोक्यावर उल्लेखही नव्हता.

उपकरण साधे आहे. ५२ मिलिमीटरची तबकडी, तिच्यावर पाऱ्याच्या ० ते ३० इंचांच्या खुणा, आतून एक मंद दिवा, सोबत रबरी नळी आणि टी-जोड. पेडलवरचा पाय उचलला की इंजिनात जाणारी हवा अडवणारी थ्रॉटलची झडप मिटते, पिस्टन मात्र हवा ओढतच राहतात आणि इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे झडपेपासून सिलिंडरपर्यंतच्या नळ्यांमधला व्हॅक्यूम वाढतो; पाय दाबला की झडप उघडते आणि सुई खाली येते. समुद्रसपाटीच्या आसपास निरोगी इंजिन आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असताना, साधारण १७ ते २१ इंच दाखवते. नळी झडपेच्या खालच्या बाजूला, म्हणजे थेट मॅनिफोल्डवर जोडावी लागते. झडपेच्या वरच्या छिद्रावर ती जोडली गेली, तर आयडलला सुई शून्यापाशीच पडून राहते आणि नवखा माणूस इंजिन गेले असे समजून घाबरतो. माहितीपत्रकात याविषयी एक ओळही नाही.

गेजचे मूल्यमापन करण्यापूर्वी हिशेब नीट ठेवणे भाग होते. माझ्या गाडीला मूळ मापापेक्षा मोठे टायर आहेत, त्यामुळे रस्त्याकडेच्या दगडांवर ५० किलोमीटर झाले तरी मीटर ४८ च दाखवतो. म्हणून प्रत्येक आकडा १.०४ ने गुणला. टाकी भरताना गाडी दर वेळी सपाट जागी उभी केली, कारण जुन्या टाकीच्या लांब नळीत हवा अडकते आणि गाडी जराशी कललेली असली तरी दोन-तीन लिटरचा फरक सहज पडतो. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असेल, तर त्यातली ऊर्जाच सुमारे ३ टक्क्यांनी कमी भरते, म्हणून तेवढ्या फरकाला मी बचत म्हणत नाही.

पहिल्या टाकीला ६.८ किलोमीटर प्रति लिटर असे मायलेज मिळाले. त्याच दिवशी एक गोष्ट खटकली. आयडलला सुई १८ वर अगदी स्थिर होती, म्हणजे व्हॉल्व्ह आणि रिंगा शाबूत होत्या. पण सपाट रस्त्यावर, वारा नसताना, ८० च्या वेगाला ती १० च्या वर चढायला तयार नव्हती, म्हणजे तेवढ्या वेगासाठी पेडल जास्त दाबावे लागत होते. कमी भारावर धावताना मिश्रण पातळ असते आणि सावकाश जळते, त्यामुळे ठिणगी बरीच आधी पडावी लागते. ते काम डिस्ट्रिब्युटरवरचा, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागावरचा व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा डबा करतो. रस्त्याच्या कडेला थांबून मी त्या डब्याची नळी कार्ब्युरेटरकडून काढली आणि तोंडाने ओढून पाहिली. आतला पडदा धड असता, तर जीभ नळीला चिकटून बसली असती. इथे हवा सरळ तोंडात आली, सोबत रबराची आणि पेट्रोलची चव. पडदा फाटला होता. तो किती काळ फाटलेला होता कोण जाणे; गाडी मुकाटपणे चालत होती आणि मीही वयाचा दोष समजून जास्तीचे पेट्रोल भरत होतो. डबा बदलल्यावर त्याच वेगाला सुई १३ च्या पुढे गेली आणि पुढच्या दोन टाक्यांना ८.१ आणि ८.० असे मायलेज मिळाले.

एवढ्या कामगिरीसाठी मी हे गेज पुन्हा घेईन. तबकडीवरच्या हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांविषयी मात्र माझे मत अगदी वेगळे आहे. हिरवा म्हणजे काटकसर, असे त्या सुचवतात. पण दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडत असतानाही सुई हिरव्यात बसते आणि त्याच वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये पिवळ्यात उतरते, तरी पेट्रोल तिसऱ्यातच कमी लागते. मिटलेल्या झडपेविरुद्ध हवा ओढण्यात पिस्टनची शक्ती वाया जाते, आणि तो खर्च सुई दाखवत नाही. त्यामुळे तुलना करायची ती एकाच गिअरमध्ये आणि एकाच वेगाला. खऱ्या अर्थाने सांभाळण्याजोगी खूण एकच: माझ्या कार्ब्युरेटरमधला पॉवर व्हॉल्व्ह, म्हणजे जोर लागला की जादा पेट्रोल सोडणारी झडप, ६.५ इंचांचा आहे, व्हॅक्यूम त्याच्या खाली गेला की तो उघडतो आणि मिश्रण दाट होते. चढावर सुई सातच्या आसपास टेकवून, वेग थोडा पडू देत जाणे हे या प्रवासात शिकलो. डोंगरात तर हे रंग आणखी फसवे ठरतात, कारण दर ३०० मीटर उंचीला सुमारे एक इंच व्हॅक्यूम कमी होतो. १,५०० मीटरवर चांगले इंजिनही पाच इंच कमी दाखवते.

सर्वांत मोठी तक्रार नळीची आहे. इंजिनच्या उष्णतेने ती तिसऱ्याच दिवशी कडक झाली आणि टी-जोडापाशी केसासारखी चिरली. तिथून हवा आत शिरू लागली, आयडल डळमळले, आणि पेट्रोल वाचवण्यासाठी लावलेल्या उपकरणानेच मिश्रण बिघडवले. मी इंधनाची जाड नळी बसवली तेव्हा ते थांबले. उत्पादकाने निदान एवढी तरी नळी बरी द्यायला हवी होती.

वेगाबद्दल गेज जे सांगते, ते गेजशिवायही ठाऊक असते. ८० वरून १०० वर गेले की हवेचा रोध ५६ टक्क्यांनी वाढतो आणि पिकअपचे उभट नाक त्याला काहीच दयामाया दाखवत नाही. सुई ९ वर आली आणि त्या टाकीचे मायलेज ६.९ भरले. सामान बांधून एकदा फाळका पाडूनही पाहिला, सुई हलली नाही. फाळका लावलेला असला की हौद्यात हवेचा भोवरा फिरत राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून सरकून जाते, त्यामुळे तो पाडून फायदा होईल ही समजूत खोटी आहे.

परतीच्या प्रवासाला निघण्यापूर्वी मी गेजच्या काचेवर काळी चिकटपट्टी कापून लावली आणि तिन्ही रंग झाकून टाकले. आता तिथे आकडे आहेत आणि ६.५ वर नखाएवढी पांढरी खूण.