पावसाळा ते शिमगा: व्हिडिओ सुधारणाऱ्या ॲपचा अनुभव, आणि ते पट्टे

वर्गणी पुन्हा कापली जायची वेळ जवळ आली आणि कस्टमर केअरकडून ‘फोन रिस्टार्ट करून पाहा’ हे शेवटचं उत्तर आलं, म्हणून लिहायला घेतलं. ॲपचं नाव देत नाही. ‘एआय एन्हान्स’ टाकून शोधलं की जी रांग दिसते त्यातलंच एक, फीचर्सची यादी तिथेच वाचा. किनाऱ्यावरचं दिवसाचं शूटिंग, गणपतीतली भजनं, जत्रांमधले दशावतार, सगळ्याला लावून पाहिलं आहे.

आधी पट्टे. दहीकाल्याच्या, म्हणजे दशावतारी नाटकाच्या, मांडवात स्वस्तातले एलईडी फ्लडलाइट असले की व्हिडिओत काळसर पट्टे सरकत राहतात; फोन आडवा धरला तर आडवे, उभा धरला तर उभे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून असा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो; फोन चित्र ओळीओळीने टिपतो, म्हणून त्याचे पट्टे होतात. फोन ३० एफपीएसवर (सेकंदाला ३० फ्रेम) चालतो आणि १०० ला ३० ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे प्रत्येक फ्रेममध्ये पट्टा वेगळ्या जागी पडतो. ॲपचं ‘फ्लिकर रिमूव्ह’ काय करतं, तर अख्ख्या फ्रेमचा सरासरी उजेड सारखा करतं. पट्टा फ्रेमच्या एका भागात असतो. तो तसाच राहतो आणि वर सगळं चित्र धडधडायला लागतं. यासाठी वर्षाचे पैसे!

हेच काम एकावर एक लेअर ठेवू देणाऱ्या कुठल्याही फुकट एडिटरमध्ये होतं. तीच क्लिप तीन थरांत ठेवायची. मधला थर एक फ्रेम पुढे सरकवायचा, वरचा दोन फ्रेम. अपारदर्शकता खालच्याची १००, मधल्याची ५०, वरच्याची ३३ टक्के; म्हणजे तिन्ही फ्रेमचा वाटा बरोबर एक-तृतीयांश होतो. ३० एफपीएसवर पट्ट्यांचा क्रम दर तीन फ्रेमनंतर तोच येतो, म्हणून तीन फ्रेमची सरासरी काढली की पट्टे एकमेकांना खाऊन टाकतात. अंधारातले दाणेही (नॉइज) कमी होतात, ते वरकड. आवाज एकाच थराचा ठेवा, नाहीतर पेटी घुमते.

मर्यादा आहेत. फोन स्टँडवर हवा. पखवाजवाल्याचे हात तिहेरी दिसतात, युद्धाच्या प्रवेशात तलवारीही. ६० एफपीएसवर चित्रित केलं तर क्रम तीनच फ्रेमचा राहतो, पण ही तिहेरी सावली निम्म्या वेळेची, म्हणून खपून जाते. फक्त प्रोजेक्टही ६० चाच ठेवा. कमी उजेडात काही फोन गुपचूप फ्रेम रेट खाली आणतात, तिथे हिशोब बिघडतो. आणि लाइट गेली, मांडव जनरेटरवर आला, की वारंवारता ५० वर टिकत नाही. मग पट्टे हळूहळू रेंगाळतात आणि ही युक्ती हात टेकते. डिमरने मंद केलेल्या रोषणाईच्या माळांचंही तेच.

खरा इलाज शूटिंगच्या वेळी: कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० सेकंद (६० एफपीएसवर १/१०० च). मग प्रत्येक ओळीवर दिव्याची पूर्ण स्पंदनं पडतात आणि एफपीएस ३० असो वा ६०, पट्टा उमटत नाही.

गणपतीपर्यंत माझे या ॲपला दोन स्टार होते. आता तीन, आणि तो वाढीव एक डीनॉइजमुळे, म्हणजे दाणे पुसण्याच्या सोयीमुळे. दशावतारातल्या संकासुराचा काळा पोशाख, मागे काळोख. फोन तिथे नुसते दाणे भरतो आणि बिटरेट (फाइलमध्ये दर सेकंदाला मावणारी माहिती) त्या दाण्यांवरच खर्च होतो. डीफॉल्ट १०० वर चेहरे मेणाचे होतात. २५ ते ३० वर ठेवलं तर कापडाच्या चुण्या राहतात. मात्र क्रम पाळा: आधी डीनॉइज, मग उजेड आणि रंग, शार्पन शेवटी आणि अगदी थोडं. उजेड आधी वाढवला तर दाणेही वाढतात आणि ॲप त्यांनाच तपशील समजून धारदार करतं. सावल्या फार उचलू नका. फोनची नेहमीची फाइल ८ बिटची, काळ्यात चौकोन फुटतात.

‘फेस एन्हान्स’ बंदच करा. रंगवलेला चेहरा त्याला कळत नाही. भुवयांची रेघ पुसून तिथे भलत्याच भुवया काढतं. दिवसाच्या समुद्रालाही शार्पन नको, लाटांच्या कडेला पांढरी किनार येते.

स्टॅबिलायझेशन दिवसा ठीक. रात्री फ्रेममध्येच आलेला फराटा तसाच राहतो, वर कडा कापल्या जातात.

प्रक्रिया फोनवर नाही, सर्व्हरवर होते, हे जाहिरातीत बारीक अक्षरात. १०८० पिक्सेलची १७ एमबीपीएसची (सेकंदाला १७ मेगाबिट) फाइल मिनिटाला सुमारे १२७ एमबी; दिवसाच्या दीड जीबी पॅकमध्ये जेमतेम बारा मिनिटं वर जातात, आणि सुधारलेली फाइल उतरवायची ती वेगळी. खाडीपट्ट्यात रेंज मध्येच गेली की अपलोड शून्यापासून. ही तक्रार केली, त्यावरच ते रिस्टार्टचं उत्तर.

दिव्यांभोवती धुरकट वलय दिसत असेल तर ॲपला दोष देऊ नका. ते लेन्सवर बसलेलं खारं आहे. कोरड्या कापडाने घासलं तर मिठाचे कण चरे पाडतात. आधी किंचित ओलं मऊ कापड, मग कोरडं. ‘डीहेझ’ने फक्त काळा रंग गडद होतो, वलय राहतंच.

एक्सपोर्ट मूळ रिझोल्यूशनवरच करा, १२ ते १६ एमबीपीएसवर. फोर-केला चढवून फाइल फुगते, नवीन काही दिसत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तासभर निवडलेले दाणे चौकोन होऊन परत येतात.

एक महिन्याची वर्गणी जत्रांच्या मोसमात घ्यावी, वर्षाची नको. ॲप काढून टाकलं म्हणून ऑटोपे थांबत नाही. प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन रद्द करावं लागतं. पैसे कापायच्या किमान २४ तास आधी सूचना येते. ती जाहिरात समजून सरकवू नका.