नव्या प्रोजेक्टसोबत एडिटरची सेटिंग्ज: एडिटरकॉन्फिग की व्हीएस कोडचं फोल्डर?

टीमसाठी प्रोजेक्ट टेम्प्लेट बनवताना त्यात एडिटरची सेटिंग्ज आधीच घालायची असतील, तर मुख्य पर्याय दोन: ‘.एडिटरकॉन्फिग’ ही एकच फाइल, किंवा व्हीएस कोड या एडिटरचं ‘.व्हीएसकोड’ हे फोल्डर. लाराव्हेल या वेब फ्रेमवर्कच्या नव्या प्रोजेक्टात फक्त पहिली येते, अँग्युलर या दुसऱ्या फ्रेमवर्कचा जनरेटर दोन्ही देतो.

एडिटरकॉन्फिगची झेप मुद्दामच छोटी आहे: इंडेंट, ओळीचा शेवट, कॅरेक्टर सेट, ओळीअखेरच्या स्पेस, फाइलच्या शेवटी नवी ओळ. एवढ्यावर ती जेटब्रेन्सचे आयडीई, व्हिज्युअल स्टुडिओ, निओव्हिम (0.9 पासून) अशा सगळ्यांत थेट चालते. व्हीएस कोडला मात्र वेगळं एक्स्टेन्शन लागतं, आणि ग्यानबाची मेख इथेच आहे: ते नसेल तर फाइल वाचलीच जात नाही आणि कुठे इशाराही दिसत नाही. वरच्या ओळीत ‘रूट = ट्रू’ लिहाच. ते नसलं की एडिटर एकेक वरचं फोल्डर शोधत जातो आणि कुणाच्या होम फोल्डरमधली जुनी फाइल तुमच्या नियमांत मिसळते. दोन अपवादही हवेत. मेकफाइलमधल्या (बिल्डच्या कमांड लिहिलेल्या फाइलमधल्या) कमांडच्या ओळी टॅबनेच सुरू व्हाव्या लागतात, स्पेस पडल्या तर बिल्ड मोडतो. आणि मार्कडाउनमध्ये ओळीअखेरच्या दोन स्पेसना अर्थ असतो, म्हणून तिथे त्या छाटू नयेत.

‘.व्हीएसकोड’मधली सेटिंग्जची फाइल बरंच जास्त करते: सेव्ह करताना फॉरमॅट, ठरावीक फॉरमॅटर, ईएसलिंटच्या (जावास्क्रिप्टमधल्या चुका शोधणाऱ्या साधनाच्या) दुरुस्त्या. पण ती वापरणाऱ्याच्या स्वतःच्या सेटिंग्जवर मात करते. म्हणून फॉन्ट, थीम, मिनीमॅप यांना तिथे अजिबात थारा देऊ नका. दुसऱ्याच्या डोळ्यांचा निर्णय टेम्प्लेटने घेऊ नये. फॉरमॅटरचं नाव दिलंत आणि ते एक्स्टेन्शनच बसवलेलं नसेल, तर सेव्ह केल्यावर फॉरमॅटिंग होत नाही. त्यामुळे शेजारी एक्स्टेन्शन्सच्या शिफारशींची फाइल ठेवावी. तीत एडिटरकॉन्फिगचं एक्स्टेन्शनही घाला. शिफारस फक्त विचारते, आपोआप काही बसवत नाही.

टीममध्ये दोन वेगळे एडिटर असतील तर एडिटरकॉन्फिगला पर्याय नाही. सगळे व्हीएस कोडवर असले तरी पाया तोच ठेवावा आणि फोल्डरमध्ये वरच्या तीनच सेटिंग्ज घालाव्यात, असं आमचं मत.

घोळ बहुतेकदा टेम्प्लेटमध्येच होतो. शेलमध्ये ‘टेम्प्लेट/*’ असं कॉपी केलं की बिंदूने सुरू होणाऱ्या फाइली मागेच राहतात, ‘टेम्प्लेट/.’ लिहिलं की त्या येतात. दुसरा घोळ गिटइग्नोरचा (गिटने कुठल्या फाइली वगळायच्या ते सांगणाऱ्या फाइलचा): ‘.व्हीएसकोड/’ असं पूर्ण फोल्डर वगळलं, तर खाली उद्गारचिन्ह लावून दिलेला अपवाद लागू पडत नाही, कारण गिट त्या फोल्डरच्या आत बघतच नाही. तिथे ‘.व्हीएसकोड/*’ लिहून मग हव्या त्या फाइलींना अपवाद करा.

विंडोजवर गिटचं ‘ऑटोसीआरएलएफ’ चालू असेल तर चेकआउटमध्ये ओळींचा शेवट बदलतो. प्रीटियर हा फॉरमॅटर 2.0 पासून डीफॉल्टने ‘एलएफ’ (लिनक्स-मॅकवरचा ओळीचा शेवट) मागतो, त्यामुळे तो ईएसलिंटमधून चालत असेल तर कोडला हातही न लावता फाइलभर लाल रेघा दिसतात. ‘.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’मध्ये ‘* टेक्स्ट=ऑटो ईओएल=एलएफ’ ही ओळ टेम्प्लेटमध्येच टाका.

एडिटरच्या या फाइली कुणावर सक्ती करत नाहीत. सक्ती हवी असेल तर सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप होणाऱ्या तपासणीत) ‘प्रीटियर --चेक’ चालवा. एकही फाइल नियमाबाहेर असेल तर तो बिल्ड थांबवतो.