अहमदाबादेत एक मोकळा दिवस: गाडीने सगळं, की पायी थोडंसं?

परक्या शहरात लग्नाला जायचं, लग्न दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आणि मधे अख्खा दिवस रिकामा. मग कुणीतरी म्हणतंच, "आलोच आहोत तर बघून घेऊ." ज्यांना मुळात 'बघायची' हौस नाही, त्यांच्या पोटात तिथेच गोळा येतो. मी त्यांच्यातली. अहमदाबादला दोनदा गेले. पहिल्या खेपेला दिवसभराची गाडी केली, दुसऱ्या खेपेला जुन्या शहरात पायी हिंडले. तुमच्या हाती असाच एक दिवस असेल, तर काय निवडायचं ते या दोन अनुभवांवरून सांगते.

गाडीचा दिवस असा गेला: अडालजची वाव, म्हणजे पायऱ्यांनी खाली उतरायची विहीर, साबरमती आश्रम, हठीसिंगचं जैन मंदिर, सिदी सय्यदची मशीद, शेवटी कांकरिया तलाव. यादी वाईट नाही. यातलं एकही ठिकाण चुकवावं असं नाही. पण वावेत आम्हाला वीस मिनिटं मिळाली, आणि चालक ओळखीचं म्हणून घेऊन गेला त्या साड्यांच्या दुकानात पाऊण तास. वाव पाच मजले खोल आहे, १४९९ च्या सुमाराची. खाली उतरत जावं तसा वरच्या रस्त्याचा आवाज मागे पडतो, ऊन खांबांवरून घसरत फिकट होतं, आणि तळाशी हात लावला तर दगड गार लागतो. तिथे पायरीवर बसून राहावंसं वाटलं. तेवढ्यात वरून हाक आली, "चलो, आगे भी जाना है." नावडतं पर्यटन म्हणतात ते मला तिथे कळलं. कंटाळा ठिकाणाचा नव्हता, तिथून उठवलं जाण्याचा होता.

आश्रमातही तेच झालं. गांधीजी इथे १९१७ पासून १९३० पर्यंत राहिले आणि दांडीला निघाले तेही इथूनच. हृदयकुंजच्या, म्हणजे त्यांच्या तिथल्या घराच्या, ओसरीवर बसून नदी बघावी, एवढंच खरं तर तिथलं काम. संग्रहालयाची इमारत वास्तुकार चार्ल्स कोरिया यांची, १९६३ ची. भिंतींपेक्षा मोकळे चौकच जास्त, वारा आरपार जातो. विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे याच आश्रमात राहून प्रार्थना गायचे, 'आश्रम भजनावली' त्यांच्याच हातची. हे सगळं मनात घोळवायला अर्धा दिवस लागतो. आम्हाला चाळीस मिनिटं मिळाली.

आता पायी. महापालिकेचा हेरिटेज वॉक १९९७ पासून चालू आहे. सकाळी आठच्या सुमारास काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरातून निघतो आणि साधारण अडीच तासांनी जामा मशिदीपाशी संपतो. अंतर फार नाही, पण गल्ल्या अरुंद आणि दुचाकी सारख्या अंगावर येतात. मंदिरं, देरासरं (जैन मंदिरं) वाटेत बरीच लागतात, म्हणून पटकन निघतील अशाच चपला घाला.

इथे 'बघायची ठिकाणं' अशी फारशी नाहीतच, आणि माझ्यासारखीला तेच मानवलं. पोळ म्हणजे एका दरवाजाआडची वस्ती. आत घराला घर लागून, लाकडी कोरीव खांब, आणि चौकात चबुतरा, म्हणजे पाखरांना दाणे टाकायला खांबावर उभारलेली जागा. मी थांबले तेव्हा त्याच्याखाली एक आजी ज्वारीचे सांडलेले दाणे पदरात वेचत होत्या, वर पुन्हा टाकायला. कवी दलपतरामांच्या घराच्या जागी त्यांचा पितळी रंगाचा पुतळा ओट्यावर बसवलाय, उंचावर नाही, माणसाच्या बरोबरीने. शेजारी बसता येतं. मी बसले. कुणी उठवलं नाही.

जुन्या घरांच्या चौकाखाली टांकं असतं, पावसाचं पाणी साठवायची दगडी टाकी. छपरावरचं पाणी नळातून खाली उतरायचं आणि पिण्याला वर्षभर पुरायचं. गाडीच्या काचेतून हे कळायला मार्गच नाही. २०१७ साली युनेस्कोने या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला, भारतातलं पहिलं शहर म्हणून. तो एखाद्या वास्तूला नाही, या वस्तीला दिला. इथे हिंडल्यावर ते पटतं.

जामा मशिदीचं प्रशस्त अंगण १४२४ चं. तिथे सावलीत टेका, मग पाच-सात मिनिटांवरच्या तीन दरवाजाला जरूर जा. मराठी माणसाने तर जाच. १८१२ साली इथला मराठा सुभेदार चिमणाजी रघुनाथ याने मुलीला वडिलांच्या मालमत्तेत विनाअडथळा वाटा मिळावा असं फर्मान काढलं. ते देवनागरीत कोरलेला दगड त्या दरवाजाच्या भिंतीत आहे. हुकूम मोडणाऱ्या हिंदूला महादेवाची आणि मुसलमानाला अल्लाची आण घातलीय. बाजाराची एवढी गर्दी असते की दगड सहज नजरेतून सुटतो. मी त्याच्यासमोर उभी असताना माझ्या आईची आठवण आली. चार भावांत तिला काही मिळालं नव्हतं, आणि तिने कधी मागितलंही नव्हतं.

मग निवड कशी करायची? चालणं जमत असेल आणि थंडीचे दिवस असतील, तर पायीच जा. दुपारी जेवून रिक्षाने आश्रम गाठा आणि दिवस तिथेच संपवा. यापेक्षा जास्त काही करू नका. खर्चही गाडीपेक्षा बराच कमी येतो. एप्रिल-मे असेल तर गोष्ट वेगळी. पारा चाळिशीपार जातो, गल्ल्यांत सावली असली तरी दहानंतर जीव नकोसा होतो. तेव्हा गाडी बरी. गुडघेदुखीचं माणूस किंवा अगदी लहान मूल बरोबर असेल तरीही गाडीच. घोळक्यात चालायला नको वाटत असेल, तर वॉकऐवजी सकाळी आपले आपण पोळांत शिरा. रस्ता चुकलात तर कुणीही दारात येऊन सांगतं.

पुढच्या डिसेंबरात पुन्हा लग्न आहे, आणि यंदा सासूबाई बरोबर आहेत. त्यांच्यासाठी गाडी करणार आहे, पण ठरवतानाच सांगणार: फक्त अडालज आणि आश्रम, दुकान एकही नाही. अडालजला दीड तास. परतताना तीन दरवाजापाशी दहा मिनिटं गाडी थांबव, त्यांना तो दगड दाखवायचाय.